बिनलग्नाची हळद

काशीबाईंनी निकेशचा उजवा हात कोपरापर्यंत भादरला, तोवर तो अगदी मजेत होता. पेणच्या एस.टी. स्टँडमागच्या त्या खोलीवर सुनेने ‘टॅटू स्टुडिओ’ अशी चकचकीत पाटी लावली होती, पण आतला कारभार काशीबाईंचाच. सगळी हयात जत्रांमधून गोंदण्यात गेलेली. सुई नंतर, आधी कातडी, हा त्यांचा नियम. त्यांनी कडुलिंबाच्या पाण्याने हात धुतला, स्पिरिट चोळलं आणि वर तेलात कालवलेली हळद थापली. मग डाव्या हातालाही थापली.

“काकी, गोंदायचंय उजव्यावर!”

“सुई टोचली की दुसरा हात चोळायला धावतोच. तो पण स्वच्छ पायजे.”

“अहो, पण स्पिरिट लावलं ना?”

“स्पिरिट उडून जातं रे बाला. हळद जात नाय.”

नजर लागू नये म्हणून त्यांनी मनगटाला दोऱ्याने हळकुंडही बांधलं आणि मशीन आणायला आत गेल्या.

हे सगळं प्रतिक्षासाठी चाललं होतं. खांब गावच्या या मुलीला निकेश बघून आला होता आणि पहिल्या भेटीतच पार विरघळला होता. तिचे वडील दाजी मुलीच्या मर्जीबाहेर जाणारे नव्हते, आणि मुलगी फोनवर हसत म्हणाली होती, “माझं नाव हातावर गोंदवून दाखव, मग बाबांना व्हय सांगते.” निकेशने तिला ऐकवलं होतं, की सुईबिई आपल्याला डास चावल्यासारखी.

आतून मशीनची घरघर ऐकू आली आणि निकेश ताडकन उठला. “काकी, जरा लघवीला जाऊन येतो,” म्हणत तो बाहेर पडला. समोर कोलाडमार्गे रोह्याला जाणारी एस.टी. निघतच होती. तो धावत चढला आणि दोन्ही तळव्यांनी तोंडावरचा घाम पुसला.

“सरका गो, नवरदेवाला उभं कशाला ठेवता?” एका बाईने जागा करून दिली. तेव्हा कुठे त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. दोऱ्याची गाठ सोडवायला गेला, तर ती तेलाने घट्ट बसलेली.

वडखळला सुक्या मासळीची पिशवी घेऊन मालूआत्या चढली. प्रतिक्षाची सख्खी आत्या.

“अगो बाय! निकेश, तुला हळद कधी लागली?”

“हळद? नाय आत्या... पडलो. मुका मार लागलाय.”

“दोन्ही हातांना? नि तोंडाला?”

“तोंडावरच पडलो.”

“मग पडल्यावर काकण कोणी बांधलं?”

निकेशने मनगट पाठीमागे लपवलं. मालूआत्याने मात्र हळद आणि मार यांची चोख सांगड घातली आणि फोन लावला. “दादा, पोरगा हातचा गेला! पेणला लगीन लावून आलाय, नि पोरीच्या भावांनी चांगला बदडलाय!”

सगळी बस कान देऊन ऐकत होती. नागोठण्याला उतरलेली माणसं ही बातमी घेऊनच घरी गेली. मागच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, “आता झालं ते झालं. पोरीला नीट नांदव.”

सुईला घाबरून पळालो हे सांगण्यापेक्षा लग्न झालेलं परवडलं, असं निकेशला क्षणभर वाटलंसुद्धा. पण प्रतिक्षाचं ते हसणं आठवलं आणि त्याला रडूच यायला लागलं.

खांबच्या थांब्यावर दाजी हाताची घडी घालून उभे होते. मागे प्रतिक्षा, ओढणीचं टोक पिळत.

“उतर खाली,” दाजी म्हणाले. निकेश उतरला, मागोमाग आत्याही उतरली. बसच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

निकेशने डोळे मिटले. “काका, लगीन नाय झालं. मार पण नाय खाल्ला. काशीबाईकडं हिचं नाव गोंदवायला गेलो होतो. कातडी साफ करायला तिनंच हळद लावली. मशीन चालू झालं नि मी पळालो. लघवीचं निमित्त सांगून.”

बसमध्ये एकच हशा पिकला. दाजींनी त्याचा भादरलेला हात उचलून वरखाली निरखला.

“खरं बोलतोय पोरगा. खोटं सांगायचं तर इतकं लाजिरवाणं कोण सांगंल?”

“पण दादा, निम्मी बस नागोठण्याला उतरली ना!” मालूआत्या कळवळली. “याचं लगीन झालं म्हणून आता गावोगाव होईल!”

“मग लावून टाकू. तुझा शब्द खाली पडायला नको.” दाजी मुलीकडे वळले. “काय गो, व्हय ना?”

“व्हय बाबा.”

निकेशचा जीव भांड्यात पडला. गाडी सुटली, तरी तो तसाच पिवळ्या तोंडाने हसत उभा होता.

“पण नाव गोंदवायचंच,” प्रतिक्षा म्हणाली. “काशीबाईला घरी बोलवू. नि तू पळायला नको म्हणून हात मी धरीन.”

ती आपला हात धरणार या आनंदात राहावं की पळत सुटावं, हे निकेशला ठरवता येईना. आणि एस.टी. तर केव्हाच वळणापलीकडे गेली होती.