नकारपत्राविना औषधशाळेत गेलेल्या कालिंदीबाईंची हकीकत

श्रीधन्वंतरी समर्थ. ज्याचे हाती अमृताचा कलश, आणि कोणास किती थेंब द्यावे हेही ज्यास ठाऊक, त्या देवास नमन करून, दुसरे नमन तराजूच्या काट्यास करून लेखनास आरंभ केला असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते साली आमच्या राज्यात औषधशाळेच्या प्रवेशावरून मोठी धामधूम जाहली, तिची ही हकीकत. लिहिणाराने बहुतेक सर्व डोळ्यांनी पाहिले आहे, आणि जे पाहिले नाही ते ज्यांनी पाहिले त्यांस चहा पाजून विचारिले आहे. सबब वाचणाराने संशय धरू नये.

प्रथम शाळेचे वर्तमान. राज्यात दोन विद्यास्थाने शेजारी शेजारी होती. थोरली ती वैद्यकशाळा, आणि धाकटी ती औषधशाळा. थोरलीत रोग ओळखून चिठ्ठी लिहावयास शिकवीत, आणि धाकटीत ती चिठ्ठी वाचून औषध करावयास, तोलावयास आणि द्यावयास शिकवीत. धाकटीत शिरावयाचे तर अटी कडक. बारावीचा गड सर केलेला असावा, त्यात पदार्थविज्ञान आणि रसायन ही दोन ठाणी हाती आलेलीच पाहिजेत, आणि तिसरे ठाणे जीवशास्त्राचे किंवा गणिताचे, ज्यास जे मानवेल ते. वयास सतरा वर्षे पुरी असावीत. मग सामाईक परीक्षेची मोहीम, आणि तीतून जिवंत परतल्यावर दाखल्यांची मोहीम. अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आणि तो जातीचा दाखला खरा आहे ऐसा आणखी एक दाखला, आणि मग या सर्वांच्या झेरॉक्स प्रती, आणि त्या प्रती मुळाबरहुकूम आहेत ऐसी कोणा थोराची सही. सर्व्हर नामे एक हत्ती होता, त्याच्या पाठीवर हे सर्व लादावे लागे, आणि तो ऐन मुदतीच्या दिवशी बसे. बसला म्हणजे उठत नसे. लोक माहुतास शिव्या देत, आणि माहूत 'थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' याहून अधिक बोलत नसे. तरी लोक दाखल होतच, कारण दाखले गोळा करण्यात हार जावी ऐसी आमची प्रजा नव्हे.

परंतु या सर्वांहून बळकट एक अट होती, ती कोणत्याही हुकुमात लिहिलेली नव्हती. औषधशाळेत जो येई तो आधी वैद्यकशाळेचे दार ठोठावून, तेथून परत फिरून, डोळे पुशीत येई. आईबापही मागून ऐसे चालत की जणू घरी सुतक आहे. सालोसाल हेच पाहून कारकुनांनी जाणिले की हीच रीत, आणि रीत मुरली म्हणजे तिचा नियम होतो. मग त्यांनी वैद्यकशाळेचे नकारपत्र जोडल्यावाचून अर्ज घेणेच बंद केले. कोणी तक्रार केली नाही, कारण नकारपत्र सर्वांपाशीच होते.

ऐसियास कसबे वेळूगाव येथे गणबा माळवदे म्हणोन शिंपी होता, त्याची कन्या कालिंदी. गणबा हातचा मोठा कारागीर. त्यास रक्तदाबाची व्यथा जडली, म्हणून गावच्या वैद्यांनी एक गोळी दिली. मग कोणी म्हणाले शहरचे वैद्य मोठे, तेव्हां तेथे गेला, त्यांनीही एक गोळी दिली, आणि पहिली चालू आहे की नाही ते विचारिले नाही, आणि गणबानेही सांगितले नाही. दोन्ही घेऊ लागला, आणि घेरी येऊ लागली. मग घेरीवर तिसरे वैद्य पाहिले, त्यांनी घेरीचे औषध दिले. बाजारातील औषधविक्याने तिघांच्या चिठ्ठ्या एकाच हाताने घेतल्या, एकाच पुडक्यात बांधल्या, आणि 'या' म्हणाला. पुढे एके दुपारी गणबा दुकानाच्या पायरीवरून कोसळला, आणि उजवे मनगट मोडले, ते जुळले परंतु कात्री धरीना. त्या वेळी कालिंदीने उशाशी पडलेल्या गोळ्या उचलून पाहिल्या. ठळक अक्षरात नावे दोन निराळी, आणि खाली बारीक अक्षरात औषध एकच. पोरगी बारावीस होती, रसायन तिचे आवडते, तिने दोनदा वाचिले आणि मट्कन खाली बसली. बाप दुप्पट औषध खात होता आणि त्या चौघांपैकी कोणाही शहाण्यास कळले नव्हते. मग तिने तेथेच ठरविले की आपण औषधशाळेतच जावयाचे. राग आला होता, आणि पोरीचा राग लवकर उतरणारा नव्हता.

बारावी जाहली, गुण उत्तम पडले, सामाईक परीक्षाही मारिली, आणि कालिंदी दाखल्यांचा भारा घेऊन औषधशाळेच्या खिडकीशी आली. कारकुनाने एक एक कागद पाहिला, मान डोलाविली, आणि शेवटी हात पुढे करून बोलला, "नकारपत्र?"

"कुणाचा नकार?"

"वैद्यकशाळेचा, आणखी कुणाचा?"

"मी तिकडं गेलेच न्हाई."

कारकुनाने लेखणी खाली ठेविली. "परीक्षेच्या दिवशी ताप आला होता का?"

"न्हाई."

"मग खर्च झेपत नसेल."

"तसंबी न्हाई. मला हितंच यायचंय."

तेव्हां कारकून उठला आणि मागे वळून ओरडला, "अहो, इकडे या सगळे! बाईंना इथेच यायचंय म्हणे!" मग सर्व कचेरी हातातील कामे टाकून पाहावयास आली, जसे गावात अस्वल आले म्हणजे येतात. गलबला ऐकून मुख्य आचार्य त्रिंबकपंत देवस्थळी बाहेर आले. पंत विद्वान, करारी, बोलण्यात तुटक. त्यांनी मुलीस आपादमस्तक न्याहाळिले आणि बोलिले, "मुली, मी धरून या शाळेतले सगळे आचार्य इथे रडत आलो. तू हसत येतेस, त्याअर्थी तुला काही समजलेले नाही. जा, एकदा नकार घेऊन ये. मग जागा तुझीच." पंत दुष्ट नव्हते. तरुणपणी वैद्यकशाळेने त्यांस फिरविले, तेव्हां त्यांच्या मातोश्रींनी शेजारणींकडे हळदीकुंकवास जाणे सोडिले होते, आणि पंत पुढे केवढेही थोर झाले तरी ते त्यांच्या मनातून गेले नव्हते. ज्यास घर जळतानाच पाहावे लागले, त्यास चुलीचाही धाक वाटतो.

मग कालिंदी नकार आणावयास निघाली. गावातील लोकांनी मसलत दिली, "त्यात काय अवघड? चुकीचं लिहून ये. आमच्या पोरांना तर न ठरवता जमतं." तिलाही ते पटले. वैद्यकशाळेच्या परीक्षेस बसली, पहिला प्रश्न बेडकाचा आला, तिने बेडकाच्या हृदयास चार कप्पे देऊन टाकिले, आणि बेडकाने काही हरकत घेतली नाही. मग वनस्पतींचा प्रश्न चुकविला, मग प्रकाशाचा चुकविला. कामगिरी झकास चालली होती. मग प्रश्न आला की अमुक वजनाच्या तापकरी लेकरास अमुक औषध किती द्यावे. खाली चार उत्तरे, त्यात एक बरोबर, आणि एक बरोबर दुप्पट. कालिंदीने दुपटीवर खूण करावयास लेखणी नेली आणि हात थांबला. दुप्पट औषध काय करते ते तिने घरी पाहिले होते. लेकरू कागदावरचे, औषध कागदावरचे, परंतु हात काही केल्या पुढे जाईना. तिच्या मनात आले की औषधाचे माप जाणूनबुजून चुकविणारीने औषधशाळेत जावे तरी कशास? मग तिने बरोबर उत्तरावर खूण केली, आणि तितक्यावर भागेना, तेव्हां मागे जाऊन वनस्पती नीट केली, प्रकाश सरळ केला, आणि बेडकाचाही एक कप्पा काढून घेतला. परीक्षेबाहेर आली ती रडतच आली, आणि बाहेर उभ्या लोकांस वाटले की पोरीने काम फत्ते केले.

निकाल लागला तो पोरगी पहिल्या ओळीत. वैद्यकशाळेने होकार पाठविला. कसबे वेळूगावात ढोल वाजले, वेशीवर 'गावची पहिली डॉक्टर' ऐसा फलक पोरीच्या छबीसह लागला, आणि गणबाने डाव्या हाताने घरोघर पेढे वाटिले. तो इतका आनंदला की कालिंदीस त्याच्याशी बोलवेना. शेवटी तिने सांगितले की मी जाणार नाही, आणि गणबा पेढ्यांची रिकामी परडी घेऊन तसाच अंगणात बसून राहिला. मग तिने वैद्यकशाळेस कळवून आपली जागा सोडिली, आणि औषधशाळेच्या खिडकीशी येऊन तसे सांगितले. कारकून बोलला, "हा नकार तुम्ही दिलात, बाई. आम्हांला त्यांनी दिलेला हवा." मग तेथे ती अडकली. एक जागा हातची सोडिली होती, दुसरी मिळेना, आणि मुदत संपत आली होती. आता साल फुकट जाणार ऐसे सर्वांस दिसू लागले, आणि ज्यांनी पेढे खाल्ले होते तेच आता पोरीस डोके नाही म्हणू लागले. कालिंदी मात्र डगमगली नाही. थेट महाराजांपाशी फिर्याद घेऊन गेली.

दरबार भरला. एकीकडे त्रिंबकपंत आणि कचेरी, दुसरीकडे कालिंदी, गणबा, आणि गाडी करून आलेले निम्मे वेळूगाव. महाराजांनी पंतांस पुसिले. पंत बोलिले, "महाराज, ही मुलगी आज हट्टाने येते. उद्या शेजारच्या दारात वैद्यांचा मान पाहील, गाड्या पाहील, आणि झुरेल. झुरणाऱ्यांस आम्ही सांभाळतो, कारण त्यांना दुसरे दार नसते. हिला दार होते. ते बंद करून आमच्याकडे आलेली माणसे कशी सांभाळावी, ते आम्हांस ठाऊक नाही." बोलणे खोटे नव्हते, आणि दरबारात पुष्कळांनी मान डोलाविली.

महाराजांनी कालिंदीकडे पाहिले. ती बोलली, "महाराज, मला सांभाळायला नको. शिकवायला पायजे."

हे ऐकून दरबारात कुजबूज जाहली, आणि पंतांचा चेहरा लाल जाहला. मग महाराज गणबाकडे वळले आणि बोलिले, "शिंपीबुवा, आपण बाप. आपली मर्जी काय?" मागे वेळूगाव श्वास धरून उभे, कारण बापाने एक शब्द टाकिला तर अजून वैद्यकशाळेत रदबदली होण्याजोगी होती. गणबाने डाव्या हाताने टोपी काढिली.

"सरकार, खोटं कशाला बोलू, मला पोरगी डागदरच झालेली पायजे हुती. पेढं वाटलं म्या. पन घरी बसून इचार केला. मला डागदर कमी पडलं व्हय? तीन हुतं. तिघंबी शिकलेलं, तिघंबी भली मानसं, येकानंबी माझं वाईट चिंतलं न्हाई. आता घरात चौथी डागदरीन करून काय करू? त्या तिघांच्या चिठ्ठ्या येका जागी धरून 'बाबा, जरा थांब' म्हननारं येक मानूस भेटलं असतं, तर ह्यो हात आज कापडावर असता. ते मानूस व्हायला निघालीया ती. तिला आडवू नगासा."

इतके बोलून गणबाने टोपी पुन्हा घातली. कालिंदी बापाकडे पाहात राहिली आणि तिचे डोळे भरून आले. मग त्रिंबकपंत उठले, चष्मा काढून उपरण्याने पुसू लागले, आणि पुष्कळ वेळ पुसून बोलिले, "महाराज, आजवर मी शाळेचे दार असे उघडीत आलो, की जणू आत येणाऱ्याच्या घरी कुणी वारले आहे. ती पोरे काय शिकली असतील! हे नकारपत्र मागणे माझ्या हाताने बंद करावे, इतकी परवानगी असावी."

महाराज बहुत प्रसन्न जाहले आणि हुकूम केला की आजपासून औषधशाळेत कोणापाशी नकारपत्र मागू नये, बाकी अटी कायम. कारकुनाने भीत भीत पुसिले, "आणि सर्व्हर, महाराज?" महाराज बोलिले, "त्यास देवच उठवील." कालिंदीने वैद्यकशाळेत सोडलेली जागा यादीतील पुढील एका मुलास मिळाली, तो आनंदाने रडला, आणि येथे कोणाचेच नुकसान जाहले नाही. वेळूगावकर मात्र फलक उतरवून परत जाताना थोडे रुसलेलेच होते.

सारांश इतकाच. कालिंदीबाई शाळा पुरी करून वेळूगावच्या बाजारात औषधांचे दुकान घालून बसल्या. पहिल्याच आठवड्यात गणबास पहिली गोळी देणाऱ्या गावच्या त्याच वैद्यांची चिठ्ठी एका म्हातारीच्या हाती आली, ती बाईंनी औषध न देता परत धाडिली, आणि सोबत निरोप दिला की आजींस हेच औषध दुसऱ्या नावाने चालू आहे, कृपा करून पाहावे. वैद्यांनी पाहिले, आपल्या हाताने खोडिले, आणि खाली 'आभारी आहे' ऐसे लिहून पाठविले. वैद्यांचे इतके स्वच्छ अक्षर आमच्या राज्यात त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते.