सत्तारभाईंचा दुसरा हात

जळालेली मोटार दुरुस्तीला आणणाऱ्या गिऱ्हाइकाला चंद्राची माती दाखवणारा माणूस आमच्या कुरुंद्यात एकच: सत्तारभाई. माती खरं तर आमच्याच शिवारातली, चाळून डबीत भरलेली. शेतकरी बिचारा पंप कधी मिळेल विचारायचा, आणि भाई डबी उघडायचे. "तिकडं अशीच हाय. बराबर अशीच."

माझं शिवणाचं दुकान त्यांच्या शेजारीच, त्यामुळे मला सगळं तोंडपाठ. चंद्रावर एकच यंत्र धाडायचं. ते तिथली माती खोदून, वितळवून आपल्यासारखंच दुसरं बनवील, दुसरं तिसरं. "जी मशीन आपल्यासारखी मशीन बनवत न्हाई, ती मशीन न्हाई, पाहुणा हाय!"

"मंग एवढ्या मशिनी थांबवायच्या कुणी?" असं मी एकदा विचारलं, तर भाईंनी डबीचं झाकण फटकन लावलं.

नमुना त्यांनी भंगारातून उभा केला. प्लास्टिक वितळवून भाग घडवणारं एक डबडं, त्याला लोखंडी हात. मागच्या सोमवारी हे यंत्र आपणच घडवलेला दुसरा हात स्वतःला जोडणार होतं. साक्षीला मी.

सकाळपासून नऊ तास झाले. व्होल्टेज खालीवर होत होतं. शेवटचा तुकडा तिरपा बसतोय असं दिसताच भाईंनी बोटं घातली, आणि यंत्राने बोटांसकट तुकडा धरला. पकड आवळत चालली. मी बटणाकडे धावले.

"बंद करू नका, ताई! जोडून राहिलंय! बंद केलं की सगळं विसरतंय ते!"

"बोटं जातील, भाई!"

"जाऊ द्या!"

भाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी बटण बंद केलं. तरी पकड सुटेना. पान्याने मी एकेक पेच सैल केला. बोटं वाचली. दुसरा हात अर्धवट लोंबकळत राहिला.

दवाखान्यातून परतताना मी चिडूनच विचारलं, "काहून एवढा हट्ट? एका मशिनीनं भागत न्हाई का?"

भाईंनी बोटांवरची पट्टी सारखी केली. "एकटीच धाडली अन् तिकडं पडली, तर उचलंल कोण?" मग हळूच म्हणाले, "बेगम गेली त्या उन्हाळ्यात मी दोन दिवस तापानं दुकानातच खाली पडून होतो, ताई. उठता येईना. तुमच्या भिंतीवर लई ठोकलं."

तेव्हा लग्नसराई होती. माझं शिवणाचं मशीन दिवसभर खडखडत असायचं.