हिरड्या पाहणारे मुनीरसाहेब

डॉक्टर मुनीरसाहेबांच्या संशोधनाचा शेवट माझ्या हातून झाला, ही गोष्ट मी तीस वर्षे कुणालाही सांगितली नाही. निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांत मराठवाड्यातल्या वाशीला त्यांचा दवाखाना होता आणि मी त्यांचा तरुण कंपाउंडर.

माणूस भेटला की लोक रामराम करीत, सलाम करीत. साहेब म्हणत, "ओठ वर करा." हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसली, की शरीरात शिसे शिरले, असे त्यांचे शास्त्र होते. महायुद्धात कथील महागले आणि कल्हईवाले त्यात शिसे मिसळू लागले, तेव्हापासून त्यांना चैन नव्हते. एका लग्नात त्यांनी अक्षतांआधी नवरदेवाचाच ओठ उचलला. वधूचा मामा म्हणाला, "साहेब, दात बघून बैल घेत्यात. जावई आमी कवाच घेतलाय."

"रेघ न्हाय. होऊ द्या लग्न," म्हणत साहेब आचाऱ्याच्या पातेल्यात डोकावायला निघून गेले.

"शिसं म्हणजे कचेरीतला लाचखाऊ पेशकार, मियाँ," दवाखान्यात येरझाऱ्या घालीत ते मला सांगत. "ग्रंथींचा हुकूम खाली पोचूच देत न्हाय. मग बाईच्या पोटात पोर टिकायचं कसं?"

ज्यांचे गर्भ टिकत नव्हते, अशा स्त्रियांची लघवी तपासायची असे त्यांनी ठरवले. घरोघरी जाऊन आर्जवे केली. एक सासू दार लोटून घेत म्हणाली, "लई शिकला, अन् मुतासाठी दारोदार फिरतोय." तरी बाटल्या जमल्या. त्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत मी पोहोचवायच्या होत्या.

येडशी स्टेशनापर्यंत बैलगाडी होती. वाटेत गचक्यांनी बुचे उडाली आणि सगळे कडब्यात सांडले. परत जाऊन साहेबांना तोंड दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही. स्टेशनात मी तांब्यामागून तांब्या पाणी प्यालो आणि आगगाडी येईपर्यंत साऱ्या बाटल्या एकट्याने भरल्या.

हैदराबादेहून उत्तर आले: एकाही बाईच्या अंगात शिसे नाही. ज्या कल्हईवाल्याला साहेबांनी भर बाजारात दोष दिला होता, त्याची त्यांनी भर बाजारातच माफी मागितली. पुन्हा कुणाच्या ओठाला हात लावला नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो. पाऊणशे वयातही ते खोलीभर फिरतच होते. बेगमसाहेबा चहा ठेवून आत गेल्या, तसा त्यांनी आवाज उतरवला.

"हैदराबादेला धाडलेल्या त्या बाटल्यांत एक हिची होती, मियाँ. आमची पोरं पोटातच गेली. हिला वाटायचं, आपल्यातच खोट हाय. खोट भांड्यात हाय, एवढंच मला हिला दाखवायचं होतं. हैदराबादनं माझं तोंड बंद केलं. हिनं पुन्हा विषय काढला न्हाय."

मी उठलो आणि आतल्या दाराशी जाऊन बेगमसाहेबांना हाक मारली. डोईवरचा पदर सावरीत त्या उंबऱ्याशी आल्या. साहेब फिरायचे थांबले.

"बेगमसाहेबा," मी म्हणालो, "तुमची बाटली हैदराबादेला गेलीच नव्हती. वाटेत सांडली. त्या साऱ्या बाटल्या मी भरल्या होत्या. तुमच्यात काही खोट आहे की नाही, हे कुणी कधी तपासलंच नाही. मला माफ करा."