मांडणीतल्या मशीनची राखण

सुलक्षणाचं म्हणणं एकच होतं, "मी मशीनला हात लावला नाही." आणि चारकोपच्या त्या घरात ते कुणालाच पटत नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, समोरच्या शांताबाईला तर मुळीच नाही. (मशीन म्हणजे काय हे शांताबाईला ठाऊक नव्हतं, पण संशय घ्यायला शिक्षण लागत नाही.)

झालं असं, की मुलगी प्रांजल स्वतःच्याच लॅपटॉपवर बसली आणि पडदा फुटला. नवरा लवू तीस वर्षं फिटर. त्याच्या हातून कधी खिळा टाकवला नाही, तिथे लॅपटॉप कसला टाकवतो? त्याने फुटक्या पडद्याचं झाकण उपटलं, उरलेला खोका स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या खालच्या फळीवर स्क्रूने पक्का केला आणि जाहीर केलं, आता हा सर्व्हर. मोठ्या ऑफिसातसुद्धा तो रॅकवरच असतो. सगळ्यांचे फोटो, आवाज, सगळं ह्यात राहणार. माझे टोप कुठे राहणार, असं सुलक्षणाने विचारलं. टोप पलंगाखाली गेले.

त्या मशीनमध्ये एक गोष्ट मात्र लाखमोलाची होती. सासऱ्यांचं रेकॉर्ड केलेलं गाऱ्हाणं. ते गेल्यापासून घरात देवापुढे गाऱ्हाणं घालणारं कुणी उरलं नव्हतं. लवूच्या मुलुंडच्या थोरल्या भाऊंना अर्ध्यावरच रडू यायचं. रविवारी भाऊ येणार, देवापुढे नारळ ठेवणार आणि सासऱ्यांच्या आवाजात गाऱ्हाणं होणार, असं ठरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी लाइट क्षणभर गेली आणि मशीन बंद पडलं. (बॅटरी केव्हाच मेली होती.) लवू कामावरून आला तो थेट म्हणाला, तूच काहीतरी दाबलंस. सुलक्षणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फ्रिजवरची देवी काढली. भाऊंनी गावच्या जत्रेतून आणलेली, मागे लोहचुंबक असलेली. ती तिने मशीनच्या डाव्या कोपऱ्यावर बसवली. (तोच कोपरा थंड होता, देवीला चटका नको.) "आई, आता तूच राखण कर. कोण येतं ते मला सांग."

देवीने काही सांगितलं नाही. मशीन मात्र रोज बंद पडू लागलं. संध्याकाळी लवू देवीला नमस्कार करून तिला फ्रिजवर ठेवायचा (देवीसमोर स्क्रू-ड्रायव्हर चालवायचा तरी कसा?), मशीन चालू करायचा. सकाळी आंघोळ करून सुलक्षणा देवीला पुन्हा राखणीला बसवायची. मशीन गप.

आता तिला रागापेक्षा कुतूहल जास्त. ती स्टूल टाकून पहाऱ्याला बसली. चौथीपर्यंतच्या शिक्षणावर कॅलेंडरच्या पाठीमागे वेळा लिहिल्या. दूधवाला, मांजर, मिक्सर, शांताबाई, सगळे तपासले. शेवटी लवूला विचारलं, "खरं सांगा, आत कोण आहे?"

"अगो, आत लिनक्स आसा. तोच मशीन चालवता."

नाव तिला आवडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून देवीला जास्वंदही.

रविवार आला. मशीनला स्पीकर जोडला. सासऱ्यांचा आवाज घुमला, "बा देवा म्हाराजा..." सगळे हात जोडून, "व्हय म्हाराजा!" भाऊंचे डोळे भरले. तेवढ्यात सुलक्षणाच्या लक्षात आलं, आज राखण राहिली. एवढी माणसं जमलेली, हीच वेळ धोक्याची. ती हळूच उठली आणि देवी कोपऱ्यावर टेकवली.

सासरे वाक्याच्या मध्येच थांबले.

"बाबा गप कित्याक झाले?" भाऊ घाबरले.

प्रांजलने देवी उचलली, बटण दाबलं, मशीन जागं झालं. देवी ठेवली, झोपलं. "आई, लॅपटॉपच्या झाकणात लोहचुंबक असतं. झाकण मिटलं की ते ह्या कोपऱ्याला कळतं आणि मशीन झोपतं. ह्याला वाटतंय, देवी म्हणजे झाकण."

"पण मी हात नाही लावला," सुलक्षणा म्हणाली. "देवीने लावला."

आता दोष द्यायचा कुणाला? देवीला कोण बोलणार? देवी आणली भाऊंनी, ते थोरले. झाकण उपटलं लवूने, पण त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. लॅपटॉप फोडणारी प्रांजल तर आता हुशार ठरली होती. प्रांजलने देवी उचलून पुन्हा बटण दाबलं. गाऱ्हाणं थांबलं तिथून पुढे सुरू झालं. सासऱ्यांचा खणखणीत आवाज आला, "ज्या कोणाकडसून चुकी झाली असात, तेका पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. दारातली शांताबाईसुद्धा. आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. सासऱ्यांनी नाव काही घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती. सुलक्षणा.