नेमाच्या माणसाचा टायफॉइड

"गेल्या दोन-तीन आठवड्यांत बाहेरचं काय खाल्लं-प्यायलं होतं?" डॉक्टर अस्मितांनी रक्ताचा रिपोर्ट बघत विचारलं.

धनपाल मगदुमांच्या अंगात एकशे तीन ताप होता. पण शेजारच्या खुर्चीवर चंदनावहिनी बसल्या होत्या, आणि बायको शेजारी असली की नवरा तापातही शुद्धीवर असतो.

"काय न्हाय," ते म्हणाले.

"भेळ? पाणीपुरी?"

"अहो डॉक्टर, चातुर्मास चाललाय!" चंदनावहिनी उसळल्या. "बस्तीत भगवंतासमोर सगळ्यांच्या देखत नेम घेतलाय ह्यांनी. चार महिने बाहेरचं खायचं न्हाय, पाणी उकळलेलंच प्यायचं, दिवस बुडाला की तोंड बंद. सगळी कॉलनी ह्यांचं नाव घेती!"

"हे बघा, टायफॉइड हवा बदलली म्हणून होत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "त्याचे जंतू दूषित अन्नपाण्यातूनच पोटात जातात. बाहेरचं नाही म्हणता, मग घरात बघायला हवं. स्वयंपाक कोण करतं?"

"चिमणाबाई," वहिनी म्हणाल्या.

"एखादा माणूस स्वतः ठणठणीत असतो, पण जंतू त्याच्या पोटात मुक्कामाला असतात. त्या बाईंची एकदा तपासणी करून घ्या. नुसती खात्री म्हणून."

आता खरं काय ते आधीच सांगून टाकतो, उगाच लपवाछपवी नको. धनपालअण्णांचं खतांचं दुकान. संध्याकाळी साडेसातला शटर ओढलं की अण्णा घरी यायच्या आधी एका दूधकट्ट्यावर थांबायचे. तिथं म्हैस उभी असते, डोळ्यांदेखत धार काढतात, आणि फेसाळ दूध कच्चंच ग्लासात मिळतं. सगळे ग्लास एकाच बादलीत बुचकळून काढतात. बादलीकडे कोणी बघत नाही, सगळ्यांची नजर म्हशीकडे असते. म्हणजे दिवस बुडालेला, दूध न उकळलेलं आणि ग्लास बाहेरचा. अण्णांचा सगळा नेम एका घोटात निकालात निघायचा, आणि तोंड पुसून ते घरी यायचे.

दवाखान्यात हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. अण्णांनी ते गिळलं आणि गोळ्या घेऊन घरी आले.

चिमणाबाई कळंब्याहून यायची. सोळा वर्षं कॉलनीतल्या चार घरांत तिचा स्वयंपाक होता, आणि घर त्यावरच चालायचं. डॉक्टर म्हणाल्या होत्या "नुसती खात्री". ते शेजारच्या रुचिताकडे जाईतो "संशय" झालं, तिसऱ्या घरी "सापडलं म्हणे", आणि चौथ्या घरानं तर तिनं घातलेलं लोणचं बरणीसकट टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही दारांतून तिला एकच ऐकायला मिळालं, "तपासणी होईस्तोवर राहू दे."

तपासणी झाली. रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरांनी स्वतः फोन करून चंदनावहिनींना तसं सांगितलं. पण रुचिता म्हणाली, "रिपोर्टचं काय खरं असतंय? इतक्या नेमाच्या माणसाला उगाच झालं का?" ह्याचं उत्तर ज्याच्याकडे होतं तो पांघरूण ओढून पडला होता.

सातव्या दिवशी ताप उतरला. अण्णांनी गोळ्यांची पाकिटं उशीखाली सारली आणि उदयसिंह वैद्यांना बोलावणं धाडलं. वैद्य आले, नाडी बघितली, जीभ बघितली.

"आता गोळ्या बंद करून तुमचा काढा चालू करावा म्हणतो," अण्णा म्हणाले.

"कोण म्हणतंय बंद करा?" वैद्य कडाडले. "ताप गेला म्हंजे आजार गेला व्हय? ह्याला मुदतीचा ताप म्हणत्यात. अर्ध्यात औषध सोडलं तर उलटंल, आतड्याला भोक पडंल, मग बसा बोंबलत! डॉक्टरबाईंनी चौदा दिवस सांगितल्यात न्हवं? चौदा म्हंजे चौदा. माझं काम भूक आणायचं, ताकद आणायचं. पातळ पेज, मुगाचं कढण, लाह्यांचं पाणी, आणि बिछाना सोडायचा न्हाय. आणि जे काय देईन ते डॉक्टरांना दाखवून मगच घ्यायचं." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आता खरं सांगा. कुठं काय प्यालात?"

अण्णांनी दाराकडे बघितलं. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. अण्णांनी हळूच सांगितलं.

वैद्यांनी आपली पिशवी आवरली. मग म्हणाले, "आणि त्या बाईची चार घरं गेली. तुम्हाला झोप कशी लागती हो?"

झोप लागतच नव्हती. ताप उतरल्यावर निदान रात्री तरी बऱ्या जातील असं अण्णांना वाटलं होतं, तेही झालं नव्हतं. वैद्य गेल्यावर त्यांनी वहिनींना हाक मारली आणि भिंतीकडे तोंड करून सगळं सांगून टाकलं. पुढचा आठवडाभर पेज, कढण, गोळी सगळं वेळेवर आलं, शब्द मात्र एकही आला नाही.

चौदा दिवस भरले, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि अण्णा रिक्षानं कळंब्याला गेले. वहिनी शेजारी बसल्या. चिमणाबाई दारात तांदूळ निवडत होती. अण्णा उभ्यानंच म्हणाले, "चिमणाबाई, चूक माझी हाय. मी रोज कट्ट्यावर जाऊन..."

"ठावं हाय की मला," ती मान वर न करता म्हणाली. "माझी बस तिथनंच जाती. रोज बघतो मी तुमास्नी."

अण्णा पायरीवर टेकले. "मग बोलली का न्हाईस गं?"

"आण्णा, मी सांगितलं असतं तर कुनी खरं धरलं असतं? आपलं पाप मालकावर ढकलती म्हनाले असते. परत कुठंच काम घावलं नसतं." तिनं एक खडा बाजूला टाकला. "येतो मी. पन बाकीच्या तिनी घरांत तुमी सोता सांगायचं."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान डोलावली.

पहिलं दार रुचिताचं. अण्णा आत बसले आणि म्हशीपासून बादलीपर्यंत काहीही न गाळता बोलले. रुचितानं ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"किती मोठं मन हो काका तुमचं! एका बाईचं काम वाचवायला स्वतःवर घेताय! तुमच्यासारखा माणूस असलं करील का कधी?"

"अगं खरंच प्यालो!"

"नका हो. मला कळत नाही का?"

"आईशप्पथ! रोज! कधी कधी दोन ग्लास!" अण्णांचा आवाज चिरकला. कपाळावर घाम डवरला.

"बघा, केवढा त्रास करून घेताय. अशक्तपणा आहे अजून. पाणी देऊ का?"

तेव्हा चंदनावहिनींनी आठ दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"अशक्तपणा न्हाय गं तो. तीस वर्षं संसार केलाय मी ह्यांच्यासंगं. खोटं बोलताना ह्यांना कधी काय होत न्हाय. डॉक्टरांसमोर बघितलं न्हवं मी, एकशे तीन तापात सुद्धा कसे गार बसलेवते. हा घाम खरं बोलताना फुटतो."

रुचितानं अण्णांच्या कपाळाकडे नीट बघितलं. मग उठली आणि चिमणाबाईला फोन लावला.