युनिस प्रुएटची शोकसभा

"पिवळ्या घराचं नाव मी आठवड्याभरात धुऊन काढते की नाही बघा," असं हॉलिस ट्रेडवेनं सगळ्या भगिनींसमोर ठणकावून सांगितलं, तेव्हा तिच्या हातात तीन रंगांचे खडू होते आणि मागच्या फळ्यावर बाणच बाण. फळ्यावर बाण काढले की अर्धं काम झालं, अशी हॉलिसची लहानपणापासूनची समजूत.

एका घरात राहून एकमेकींना भगिनी म्हणवणाऱ्या कॉलेजच्या मुलींच्या त्या मंडळाला, अमेरिकेतल्या रिवाजाप्रमाणे, तीन ग्रीक अक्षरांचं भारदस्त नाव होतं. पण अख्खं कॉलेज त्याला पिवळं घर म्हणायचं आणि म्हणताना नाक मुरडायचं. त्याला कारण एप्रिलमधला तो जिना. नव्यानं आलेली एक मुलगी पार्टीनंतर जिन्यावरून पडली, पाय मोडून घेतला आणि सकाळपर्यंत तिथंच पडून राहिली. चाळीस भगिनी तिला ओलांडून आपापल्या खोलीत झोपायला गेल्या. एकीला दया आली. तिनं आपली शाल तिच्या अंगावर घातली, पण सकाळी थंडीत आपल्यालाच लागेल हे आठवून दोन पायऱ्या खाली येऊन परत काढून घेतली.

तेव्हापासून जो तो एकच बोलायचा, "पिवळ्या घरात माणूस मेलं तरी कुणाला पत्ता लागायचा नाही."

मंडळाच्या मुख्य कचेरीनं तर स्पष्टच कळवलं होतं. या ऑगस्टच्या भरतीत पुरेशा नव्या मुली आल्या नाहीत तर घराला कुलूप. हॉलिसची आई याच घरातली, आजी याच घरातली, दोघींचे फोटो त्याच जिन्यापाशी टांगलेले. घर आपल्या हातून बंद पडलं तर थँक्सगिव्हिंगला कुठल्या तोंडानं टर्की खायला बसायचं, या विचारानं पोरीची झोप उडाली होती. भरतीची प्रमुख तीच ना.

"आपल्यात हुशार कोण आहे?" तिनं विचारलं.

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग मागून आवाज आला, "युनिस."

"कोण युनिस?"

"युनिस प्रुएट. परीक्षेत पहिली येते ती."

"आपल्या घरात राहते?"

"तिसऱ्या मजल्यावर. बहुतेक."

बस, ठरलं. भिंतीवरच्या सामूहिक फोटोतून युनिसचं डोकं उचलून माणसाएवढं मोठं करून आणलं. हॉलिसनं संगणकावर बसून तिचा चष्मा काढला, दात पांढरे केले, केसांना छानशी लाट दिली. फोटो अंगणात तिकाटण्यावर उभा केला. मंडळाचं फूल पांढरी लिली, म्हणून सभोवती लिलीच्या फुलदाण्या. खाली मोठ्या अक्षरात, 'युनिस प्रुएट, आमचा अभिमान'. हुशार मुलगी दिसली की येणाऱ्या पोरींचं मत बदलेल, असा हिशेब.

त्याच आठवड्यात ब्लेक्लीचं लग्न ठरलं. आता पिवळ्या घरात लग्न ठरलं की पोरगी तोंडानं बोलत नाही. सगळ्याजणी पांढरे कपडे घालून गोल उभ्या राहतात, एक मोठी मेणबत्ती हातोहात फिरते आणि जिचं ठरलंय ती फुंकर मारते. मग सगळ्या गळ्यात पडून रडतात. न रडणारीला घरात मत्सरी म्हणतात, त्यामुळे झाडून सगळ्या रडतात. हे एरवी दिवाणखान्यात व्हायचं. पण सोमवारीच आग-तपासणीवाला येऊन बजावून गेला होता, "घरात काडी जरी पेटलेली दिसली तरी कुलूप मीच लावीन." म्हणून गुरुवारी संध्याकाळी मंडळी अंगणात आली. अंगणात गोल करायला मोकळी जागा होती ती नेमकी युनिसच्या फोटोपुढं.

ब्लेक्लीनं फुंकर मारली आणि रडारडीला असा काही रंग चढला की विचारू नका. रस्त्यावरून बँडची पोरं सराव करून परतत होती. त्यांनी चाळीस मुली पाहिल्या, मेणबत्ती पाहिली, लिली पाहिली, मधला फोटो पाहिला. पुढच्या पोरानं टोपी काढली. ढोल थांबला. कुणीतरी ट्रंपेटवर चर्चमधलं संथ गाणं सुरू केलं.

"बघ," हॉलिस डोळे पुसत ब्लेक्लीच्या कानात म्हणाली, "आता मान द्यायला लागलेत आपल्याला."

सकाळी पायऱ्या फुलांनी भरल्या होत्या. वर टेडी अस्वलं. आणि शेजारपाजारच्या बायकांनी, चर्चवाल्यांनी कॅसरोलची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या जेवणाची, भांडी आणून ठेवली ती ओट्यावर मावेनात. चिकनचं, बटाट्याचं, फरसबीचं, वरून कुरकुरीत कांदा.

"माझ्या लग्नाचं लोकांना एवढं कौतुक असेल असं वाटलं नव्हतं गं," ब्लेक्ली गहिवरून म्हणाली.

हॉलिसनं एका भांड्यावरची चिठ्ठी वाचली. 'देव युनिसच्या आत्म्याला शांती देवो.' तिची पाचावर धारण बसली.

तरी पोरगी मनानं वाईट नव्हती. पहिलं वाक्य तिच्या तोंडून सरळच आलं. "युनिसला खाली आणा. अंगणात उभी करा आणि लोकांकडे बघून हात हलवायला सांगा."

सगळ्या तिसऱ्या मजल्यावर धावल्या. युनिसच्या खोलीत पलंगावर गादी नव्हती. कपाट रिकामं. भिंतीला लागून बुटांची खोकी थेट छतापर्यंत.

"ही खोकी कुणाची?"

"माझी," ब्लेक्ली म्हणाली. "मे महिन्यापासून ठेवतेय. मला वाटलं, खोली मोकळीच आहे."

म्हणजे पोरगी घर सोडून तीन महिने झाले होते. नंबर कुणाकडेच नव्हता. तिला हाक मारायची तर काय म्हणून मारायची, हेही कुणाला सांगता येईना. घराच्या गृहमाता मिस ऑपल खुब्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे गेलेल्या, त्यांना काय विचारणार?

तेवढ्यात खाली फोन वाजला. खुद्द डीन.

"मुली, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," डीन म्हणाले. "युनिसनं जवळचं माणूस म्हणून तुमच्याच घराचं नाव लिहून दिलंय, म्हणून पहिला फोन तुम्हाला. बातमी खरी आहे ना?"

हॉलिसनं बोलायला तोंड उघडलं.

"आणि एक. मुख्य कचेरीशी माझं बोलणं झालंय. अशा वेळी घर बंद करायचा विषय कुणी काढणार नाही. उलट तुमच्या घरासाठी नाव द्यायला सकाळपासून पोरींची रांग लागलीय. काय ती माया एकमेकींवर, सगळं कॉलेज हळहळतंय."

हॉलिसनं तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि म्हणाली, "धन्यवाद, सर."

खोटं असं आपण एक अक्षर बोललो नाही, हे ती पुढं बरेच दिवस स्वतःला समजावत होती. स्वतःला पटत नव्हतं हा भाग निराळा.

रविवारी दुपारी अंगणात शोकसभा झाली. मुंगी शिरायला जागा नव्हती. माइक हातात आला की माणसाला काय होतं देव जाणे, ज्या भगिनींनी युनिसला कधी मीठ पुढं करायला सांगितलं नसेल त्या तिच्या आठवणींनी कासावीस होत होत्या. एकीला म्हणे युनिसनं नाचायला शिकवलं होतं. ब्लेक्लीनं तर कहर केला. "रोज रात्री मी आणि युनिस स्वयंपाकघरात बसून एकाच ताटलीत पीनट बटरचा गोड पाय खायचो. त्या पायवर तिचा जीव होता हो." लोक हुंदके देत होते. हॉलिसला एकीकडे बरं वाटत होतं आणि एकीकडे फोटोकडे बघवत नव्हतं.

ती फोटोजवळ उभी राहून येणाऱ्यांच्या हातात लिली देत होती. जाड चष्म्याची, केस बारीक कापलेली एक मुलगी पुढं आली. चेहरा ओढलेला.

"घे," हॉलिस मऊ आवाजात म्हणाली. "ओळखत होतीस तिला?"

"थोडंफार."

"फार लाघवी होती. आम्हा सगळ्यांची लाडकी."

"असं?"

"आणि पीनट बटरचा पाय म्हणजे जीव की प्राण."

"तिला शेंगदाणा चालायचा नाही," मुलगी म्हणाली. "घसा सुजायचा. तुमच्याकडे बुधवारी सगळ्यात शेंगदाणा असायचा, जेवणातही आणि पायमध्येही. बुधवारी ती उपाशी झोपायची."

हॉलिसनं फोटोकडे पाहिलं. मनातल्या मनात त्याला चष्मा घातला, दातांचा पांढरा रंग पुसला, केसांची लाट उतरवली.

"युनिस?"

"हो. माझं कॉलेजचं कार्ड बंद पडलंय गं. शुक्रवारपासून. मेसमध्ये लावलं तर लाल दिवा. लायब्ररीत कामाला गेले तर दार उघडेना. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, हे मयताचं कार्ड तुझ्याकडे कुठून आलं? तुला ओळखणारं कुणीतरी घेऊन ये म्हणतात. आजी गेल्यापासून माझं कुणी नाही, म्हणून इथं आले."

इथं कुणाही भल्या माणसाचा जीव भांड्यात पडला असता. हॉलिसचाही पडला, नाही असं नाही. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"युनिस, तू उद्याचा दिवस थांबशील?"

"कशासाठी?"

"म्हणजे... अशीच. आहेस तशी. उद्या नव्या मुली घर निवडतात. तेवढं होऊ दे. परवा सकाळी मी स्वतः येते तुझ्याबरोबर, आईची शपथ."

युनिसनं चष्मा वर सरकवला. आपल्या फोटोकडे एकदा पाहिलं.

"आणि तोवर खाऊ काय?"

"आत कॅसरोल भरपूर आहे," हॉलिस म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाच लाज वाटली.

युनिस मागच्या दारानं आत गेली आणि ओट्याशी उभी राहून स्वतःच्या शोकाचं दोन ताटल्या जेवली. येणाऱ्या जाणाऱ्या भगिनींना वाटलं, भांड्यांना बाई ठेवलीय. दोघीतिघींनी उष्टी ताटं तिच्या हातात दिली. तिनं ती विसळून पालथी घातली.

सोमवारी नव्या मुली रिवाजाप्रमाणे हिरवळीवरून किंचाळत धावत सुटल्या आणि निम्म्याच्या वर पिवळ्या घरात घुसल्या. एवढी भरती हॉलिसच्या आजीच्या काळातही झाली नव्हती. मुख्य कचेरीच्या बाईंनी युनिसच्या नावाची पितळी पाटी जिन्यापाशी लावायचं जाहीर केलं. हॉलिसची आई फोनवर रडली. घर वाचलं होतं.

मंगळवारी हॉलिसनं शब्द पाळला. ऑफिसच्या खिडकीत मिसेस टोलिव्हर बसल्या होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला.

"ही युनिस प्रुएट," हॉलिस म्हणाली. "ही जिवंत आहे."

"तुम्ही हिला ओळखता?"

"हो, चांगलं."

"मधलं नाव?"

हॉलिसनं युनिसकडे पाहिलं.

"तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून सांगा. बरं, गाव?"

"अलाबामा?"

"ते राज्य आहे. शिकते काय?"

"काहीतरी अवघड."

मिसेस टोलिव्हरनी वर्तमानपत्र काढून खिडकीला लावलं. त्यात हॉलिसच्या हातचा तो फोटो, दात पांढरेशुभ्र. "ही आणि ती एक दिसतात?"

"त्याचं काय आहे, तो फोटो मी..." हॉलिसला घाम फुटला. मग एकदम आठवलं. "हिला शेंगदाणा चालत नाही. विचारा हवं तर."

"रविवारी मी होते तिथं," मिसेस टोलिव्हर म्हणाल्या. "तिचा पीनट बटरच्या पायवर जीव होता. तुम्ही तिच्या कोण म्हणालात?"

"बहीण," हॉलिस म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. "मुली, त्या पोरीच्या बहिणी मी या डोळ्यांनी पाहिल्यात, ढसाढसा रडत होत्या. मेलेल्याच्या कार्डावर जेवायला निघालात, लाज नाही वाटत? खरंच ओळखणारं कुणी असेल तर घेऊन या." आणि खिडकी बंद झाली.

दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. हॉलिसनं मनात चाळीस भगिनींची नावं एकेक करून घेतली आणि एकेक करून सोडली.

"कॅसरोल उरलंय का?" युनिसनं विचारलं.

"उरलंय," हॉलिस म्हणाली. मग थोडं थांबून, "पण आजच पोटभर खाऊन घे. उद्या बुधवार आहे."