हिरवं की गुलाबी?

सासऱ्यांची गाडी धुऊन-पुसून परत द्यायची, दाताच्या डॉक्टरांना खरं तर एवढंच करायचं होतं. पण ऐन वेळी त्यांच्या अंगात उत्साह संचारला. चार दिवस गाडी वापरली, तर जरा आतूनही बघून द्यावी, म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट टाकीवरच्या खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं.

"राहू दे ना," बायको म्हणाली. "बाबांना कळणारही नाही."

"तुझ्या बाबांना? मागच्या वेळी सीट एक खाच मागे राहिली होती, तर त्यांनी मला फोनवर अर्धा तास बसायला शिकवलं."

सासरे पाच वाजता गाडी न्यायला येणार होते. तीन वाजता डॉक्टर चालतच कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पोचले.

"कूलंट द्या."

"कुठलं? हिरवं, गुलाबी, केशरी, निळं?"

"फरक काय?"

"रंगाचा," दुकानदार म्हणाला आणि पुन्हा कान कोरू लागला.

बल्ब घ्यायला आलेल्या शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरला राहवलं नाही. "हिरवंच घ्या, साहेब. गुलाबी म्हणजे नुसतं सरबत!"

"अहो, गाडीचं पुस्तक असतं ना? त्यात लिहिलेलं असतं," स्कूटरची बॅटरी न्यायला आलेल्या एक बाई म्हणाल्या. त्यावर दुकानदार आणि ड्रायव्हर एकमेकांकडे बघून असे काही हसले, की पुस्तक हा शब्दच डॉक्टरांना अश्लील वाटायला लागला. त्यांनी घाईघाईने बायकोला फोन लावला.

"टाकीत आत्ता कुठला रंग आहे, बघ."

"मळकट."

"मळकट हा रंग नाही."

"मग तू येऊन बघ. याला रंग नाहीये, नुसता स्वभाव आहे."

डॉक्टरांनी हिरवं घेतलं. घरी येऊन ते टाकीत ओततात न ओततात, तोच बायको हातात पुस्तक घेऊन बाहेर आली. "अरे, गाडीच्या खणातच होतं हे. यात कूलंटचा प्रकार दिलाय. आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, दुसऱ्या प्रकारात मिसळू नका."

डॉक्टरांनी बाटली फिरवून बघितली. प्रकार दुसराच होता.

"हे आधी सांगायचं!"

"आधी तू रंग विचारलास."

शहाणा माणूस इथे थांबला असता. डॉक्टर धावत दुकानात गेले. पुस्तकातला प्रकार गुलाबी बाटलीवर छापलेला होता. ती आणून त्यांनी टाकी वरच्या रेघेपर्यंत भरली. गुलाबी जास्त झालं की हिरव्याचं काही चालणार नाही, असा त्यांचा हिशोब. मग सगळं नीट मिसळावं म्हणून त्यांनी गाडी एक चक्कर मारायला बाहेर काढली. दुसऱ्या वळणावर इंजिनाच्या तापमानाचा काटा चढला. तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. नशीब एवढंच, की समोर ओळखीचं गॅरेज होतं.

गॅरेजवाल्याने आधी गाडी थंड होऊ दिली. "गरम असताना झाकण उघडलं असतंत, तर तुम्हालाच नवे दात बसवावे लागले असते," तो म्हणाला. मग त्याने टॉर्च घेऊन आत डोकावलं आणि जिभेने च्यक् केलं. तो आवाज डॉक्टरांच्या चांगल्याच ओळखीचा होता. दिवसातून वीस वेळा ते स्वतःच काढायचे.

"हे कुणी केलं?"

"मीच," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले.

"घरच्या घरी?"

"हो."

"मग तुम्ही लोक आमच्याकडे येता." त्याने टाकीच्या तोंडातून बोटभर चिकट, तपकिरी लगदा काढून डॉक्टरांच्या नाकासमोर धरला. "रंगावर जायचंच नाही. पुस्तकातला प्रकार बघायचा. आता सगळं काढायचं, आतून धुवायचं, मग नवीन भरायचं. दोन दिवस लागतील."

तेवढ्यात सासरे रिक्षातून उतरले. डॉक्टरांनी घरी फोन केला होता आणि लेकीने आईबाबा दोघांनाही कळवून पत्ता दिला होता. आपली गाडी आ वासून उभी बघताच ते जागीच थबकले.

"बाबा, माझ्या हातून रंग चुकला."

"चुकणारच!" सासऱ्यांनी सुरुवात केली. "माणसाने दात बघावेत, जावईबापू. गाडी म्हणजे काय अक्कलदाढ वाटली? यंत्राला शिस्त लागते. तेरा वर्षं झाली, मी या गाडीत कधी कुणाला बोट घालू दिलं नाही!"

गॅरेजवाला मधला पाइप काढून आतल्या थरांवर टॉर्च मारत होता. "अच्छा, म्हणजे गाडी तुमची? बरं झालं आलात. हा सगळा गाळ यांचा नाही. एका दुपारी एवढं कुणालाच जमणार नाही, याला वर्षं लागतात. निळं कधी भरलंत?"

सासऱ्यांचा आवाज एकदम बसला. "मागच्या उन्हाळ्यात. दुकानात तेवढंच होतं."

"आणि हे केशरी?"

"ते जरा... उठून दिसत होतं."

डॉक्टर पाइपकडे बघत राहिले. सासरे गॅरेजच्या छताकडे बघत राहिले. इतक्यात सासऱ्यांचा फोन वाजला. सासूबाईंचा आवाज स्पीकरची गरज नसलेला होता.

"कुणी बिघडवली गाडी? तुम्हीच ना? सांगत होते, त्या बाटल्या ओतत बसू नका!"

सासऱ्यांनी फोनवर हात ठेवला आणि जावयाकडे बघितलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्या नजरेने त्यांनी डॉक्टरांकडे आजवर कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी फोन हातात घेतला.

"आई, माझ्यामुळे झालं. मी हिरवं भरलं."

"वाटलंच मला!" सासूबाई म्हणाल्या. "यांना म्हणावं, नीट शिकवा जावयाला."

"शिकवतो, शिकवतो. रागावू नकोस त्याच्यावर," सासरे फोन परत घेत मोठ्या मनाने म्हणाले आणि त्यांनी घाईघाईने तो बंद केला. मग जावयाचं कोपर धरून ते हळू आवाजात म्हणाले, "गाडी झाली की तुम्हीच घेऊन जा. ठेवा आठ दिवस."

डॉक्टरांनी खिशातून स्वतःचा फोन काढला आणि नुसताच हातात धरला.

"पंधरा दिवस ठेवा," सासरे म्हणाले. "आणि सीट तुम्हाला हवी तेवढी मागे घ्या."